सावद्याची केळी आणि समुद्रावरचे इंजिन

खानदेशाला समुद्र नाही. तापी आमची खरी. पण ती समुद्राला मिळते सुरतेपलीकडे, आणि तिथे पोचेपर्यंत ती पुरती गुजराती झालेली असते. जळगाव-धुळ्याच्या माणसाने जहाज पाहायचे तर चारशे किलोमीटर प्रवास करून मुंबई गाठावी लागते. अशा मुलखात बसून जहाजाच्या इंजिनाची उठाठेव कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर अगदी घरगुती आहे. आमची केळी समुद्रावरून जातात!

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा केळीचा मुलूख. सावदा आणि रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे रवाना होत, ही गोष्ट जुन्या पिढीला चांगली आठवते. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. आज यांपैकी काही माल गारठ्याच्या पेट्यांत, म्हणजे रीफर कंटेनरांत, बसून ट्रकने न्हावा-शेव्याच्या बंदरावर जातो आणि तिथून आखाती देशांची वाट धरतो. मुंबईपासून दुबईपर्यंतचे सागरी अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर. या सबंध प्रवासात पेटीतले तपमान तेरा-चौदा अंशांवर ठेवावे लागते. एखादा अंश जास्त झाला तर केळी वाटेतच पिकतात. फार खाली गेला तर साल काळी पडते. म्हणजे जहाजावरचे तेल एकाच वेळी दोन कामे करीत असते. ते जहाज पुढे ढकलते आणि आमच्या केळीची झोप मोडू देत नाही. हे तेल किती जळते यावर वाहतुकीचा दर ठरतो, आणि त्या दराचा शेवटचा धक्का बसतो तो तापीकाठच्या केळीउत्पादकाला. तेव्हा समुद्रावरच्या इंजिनाशी आपला काही संबंध नाही, असे म्हणण्याची सोय खानदेशी माणसाला उरलेली नाही.

रुपयातले आणे किती?

इंजिनाची कार्यक्षमता म्हणजे काय? हे समजायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. तेलात जी उष्णता साठवलेली आहे तिला आपण एक रुपया म्हणू. त्या रुपयातले किती आणे प्रत्यक्ष कामाला आले आणि किती आणे धुरावाटे, कढत पाण्यावाटे नि घर्षणावाटे उडाले, एवढाच हा हिशेब.

भुसावळच्या यार्डात एके काळी जी वाफेची इंजिने दिमाखाने फुरफुरत असत, ती या हिशेबात मोठी उधळी होती. कोळशाच्या रुपयातला जेमतेम आणा-दीड आणा गाडी ओढायला लागे. बाकी सारे आकाशाला दान! जहाजांची स्थिती याहून बरी असली तरी फार बरी नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ते जहाजही वाफेचेच होते. अशा जहाजाच्या पोटात कोळशाच्या कोठारांसाठी केवढी तरी जागा मोडायची, आणि भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्या खलाशांचे हाल तर विचारूच नयेत.

या उधळपट्टीने अस्वस्थ झालेला एक माणूस म्हणजे रुडॉल्फ डीझेल. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या जर्मन इंजिनिअराने विचार केला तो असा : हवा जर नळकांड्यात खूप दाबली तर ती आपोआप तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तसेच. ती इतकी दाबावी की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून पेटावा! आणि जितका दाब अधिक तितकी उष्णतेची बचत अधिक. १८९७ साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची कसोटी लागली, तेव्हा ते सव्वीस टक्क्यांच्या पुढे गेले. म्हणजे रुपयातले चार आणे पदरात पडले! त्या काळच्या मानाने हा चमत्कारच होता.

खानदेशी वाचकाला गोड वाटावी अशी आणखी एक गोष्ट. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेलच्या तत्त्वावरचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. ज्या तेलात आपण भरीत परततो त्याच तेलावर! मात्र हा संशोधक आपल्या यशाचा सोहळा पुरता पाहू शकला नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' नावाच्या आगबोटीवरून तो नाहीसा झाला आणि काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात सापडला. वाफेला पदच्युत करणाऱ्या माणसाचा शेवटचा प्रवास वाफेच्याच बोटीतून व्हावा, हा दैवदुर्विलास!

धुरांडे नसलेले जहाज

त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९१२ च्या फेब्रुवारीत, कोपनहेगनहून 'सेलांडिया' नावाचे जहाज बँकॉकच्या सफरीला निघाले. महासागर ओलांडणारे हे पहिले मोठे डीझेल-जहाज. त्याला रूढ अर्थाने धुरांडेच नव्हते. इंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर जाई. लंडनला ते थांबले तेव्हा आरमारखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहायला गेले होते.

तेव्हापासून आजवर सव्वीस टक्क्यांचे पन्नास टक्के कसे झाले, ही खरी रंजक कथा आहे. तिच्यातले पहिले पान स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअराचे. त्याने विचार केला की इंजिनातून बाहेर पडणारा धूर अजून तापलेला आहे, जोरात आहे. तो फुकट का सोडायचा? त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबावी. १९०५ साली त्याने याचे पेटंट घेतले. वीस वर्षांनी दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ही युक्ती बसवली, तेव्हा १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. आज मोटारीवर आपण 'टर्बो' हे अक्षर मिरवतो, त्याचा मूळपुरुष हा.

दुसरे पान आकाराचे. २००६ साली समुद्रावर आलेल्या 'एम्मा मॅर्स्क' या जहाजाचे इंजिन पाहा. चौदा नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ९६ सेंटिमीटर. एखादा धिप्पाड माणूस आत सहज उभा राहील! दट्ट्याची धाव अडीच मीटरांची. वजन सुमारे २३०० टन, उंची चार मजली घराएवढी आणि शक्ती जवळजवळ एक लाख नऊ हजार अश्वशक्तीची. आणि एवढा मोठा राक्षस मिनिटाला फिरतो किती? अवघे १०२ फेरे! आपल्या घरातला पंखासुद्धा याच्यापुढे घाईचा ठरावा.

पण या संथपणातच सारे मर्म आहे. दट्ट्या सावकाश सरकतो म्हणून तेलाला नीट जळायला वेळ मिळतो. नळकांडे मोठे, म्हणून आतल्या वायूच्या मानाने भिंतींचे क्षेत्र कमी आणि भिंतींवाटे पळणारी उष्णताही कमी. मोठ्या पातेल्यातले वरण लहान वाटीतल्या वरणापेक्षा उशिरा निवते, तोच हा न्याय. शिवाय इंजिनच मंद फिरते म्हणून मध्ये दातेरी चाकांचा गाडा लागत नाही. त्याचा दांडा थेट पाण्यातल्या पंख्याला जोडता येतो. आणि पंखा जितका मोठा नि मंद, तितका तो पाणी कमी घुसळतो आणि जहाज अधिक ढकलतो. अशा इंजिनात तेलाच्या रुपयातले आठ आणे कामी येतात. केवळ तेल जाळून गती निर्माण करणाऱ्या यंत्रांत याच्यापुढे जाणारी फारच थोडी.

उरलेल्या आठ आण्यांचे काय? त्यातलेही जेवढे वेचता येईल तेवढे वेचतात. धुराच्या वाटेवर बॉयलर बसवून वाफ करतात. जहाजाचे जाड तेल थंड असताना डांबरासारखे घट्ट असते. फवारण्याआधी ते सव्वाशे अंशांच्या पुढे तापवावे लागते. ते काम ही वाफ करते. काही जहाजांवर तिच्यावर विजेचे जनित्रही चालते. इंजिन निववून आलेले पाणी ऐंशी अंशांच्या आसपास असते. त्यावर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करतात. प्रेशर कुकरात दाब वाढवला की पाणी उशिरा उकळते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इथे उलटे करतात. भांड्यातली हवा काढून घेतात, त्यामुळे पाणी पन्नास-साठ अंशांवरच उकळू लागते. जहाजावरचा चहा असा इंजिनाच्या टाकाऊ उष्णतेवर मिळविलेल्या पाण्याचा असतो!

हळू चाला, तेल वाचवा

तरीही सर्वांत मोठी बचत इंजिनात नाही, ती चालविणाऱ्याच्या संयमात आहे. जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी शक्ती सुमारे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर वेग दहा टक्क्यांनी कमी केला की शक्ती सत्तावीस टक्क्यांनी कमी लागते. प्रवासाला वेळ थोडा जास्त लागतो, हे धरूनही सबंध सफरीत एकोणीस टक्के तेल वाचते. २००८ साली खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि पाठोपाठ जगाचा व्यापार मंदावला. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी हा धडा गिरवला आणि जहाजे मुद्दाम हळू हाकायला सुरुवात केली.

याखेरीज कितीतरी बारीकसारीक युक्त्या आहेत. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की पाणी त्याला धरून ठेवते. म्हणून बूड घासणे, त्याला खास रंग देणे, पंख्याची पाती चकचकीत ठेवणे. नाकाशी पाण्याखाली फुगीर गोळा ठेवून लाट मोडणे. बुडाखाली हवेचे बुडबुडे सोडून घर्षण कमी करणे. आणि गंमत पाहा, काही जहाजांवर पुन्हा वाऱ्याची मदत घेण्याची साधने बसू लागली आहेत. कोकणच्या गलबतवाल्यांनी हे ऐकले असते तर ते गालातल्या गालात हसले असते!

इंजिनघरातल्या माणसांचा वाटाही मोठा. आपल्या व्यापारी नौदलात मुख्य इंजिनिअराला 'बडासाब' म्हणतात. दररोज दुपारी बाराला गेल्या चोवीस तासांत किती तेल जळले, किती मैल कापले, याचा जबाब द्यावा लागतो. चाळीस अंशांच्या वर तापलेल्या त्या गोंगाटात उभे राहून एकेका नळकांड्याचा दाब मोजायचा, कुठले आळसावले आहे ते हेरायचे, फवारा नीट उडतो की नाही ते पाहायचे. दिवाळीत आपण पणती लावतो तेव्हा वात फार मोठी झाली की ज्योत धुरकट होते, काजळी धरते. घरातली म्हातारी माणसे लगेच वात सारखी करतात, कारण काजळी म्हणजे न जळता वाया गेलेले तेल, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. इंजिनाच्या काळ्या धुराचा अर्थही नेमका तोच.

जगाच्या एकूण मालापैकी आकारमानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रावरून जातो, आणि माणसाने हवेत सोडलेल्या उष्णतावर्धक वायूंपैकी सुमारे तीन टक्के या जहाजांचे असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१३ पासून नव्या जहाजांना कार्यक्षमतेची अट घातली. २०२० पासून तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. २०२३ पासून शाळेतल्या मुलांप्रमाणे जहाजांनाही 'अ' ते 'इ' अशा पाच श्रेण्या मिळू लागल्या. खालच्या श्रेणीत रेंगाळणाऱ्या जहाजाला सुधारणेचा आराखडा सादर करावा लागतो.

परंतु जहाज हळू चालवण्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा शेतमालाने घातलेल्या आहेत. लोखंड चार दिवस उशिरा पोचले तर ते नासत नाही, फळ नासते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा युरोपला जाणाऱ्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि आमच्या शेजारच्या नाशिकच्या द्राक्षांचा जीव टांगणीला लागला. वाट लांबली, तेल वाढले, भाडे वाढले, आणि फळाचे आयुष्य मात्र तेवढेच राहिले.

विहिरीवरचा धाकटा भाऊ

आता समुद्रावरून परत आपल्या काळ्या मातीत येऊ. कारण त्या चार मजली राक्षसाचा एक धाकटा भाऊ आमच्या विहिरींवर कित्येक वर्षे 'टुक् टुक् टुक्' करीत नांदला आहे. बहिणाबाईंच्या काळची मोट मागे पडली ती या ऑइल इंजिनामुळे. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला आणि महाराष्ट्राच्या शिवाराशिवारांत तो आवाज ओळखीचा झाला. आज बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे, कुठे कुठे सौरपंपाच्या काचाही चकाकतात; पण वीज रुसली की अजूनही पुष्कळ ठिकाणी इंजिनाचेच पाय धरावे लागतात.

या धाकट्याच्या घरी उधळपट्टी फार. समजा, इंजिनाने रुपयातले तीस पैसे काम केले. पंपाने त्यातले निम्मे गमावले, राहिले पंधरा. अरुंद नळ आणि चोंदलेला फुटव्हॉल्व्ह यांनी आणखी तिसरा हिस्सा खाल्ला, तर पाण्याला उचलायला उरले अवघे दहा पैसे! यात दोष इंजिनाचा थोडा आणि संसाराचा फार. नळाचे गणितही जहाजाच्या वेगासारखेच कडक आहे. तेवढेच पाणी न्यायचे असेल तर घर्षणातला तोटा व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. अडीच इंची नळाऐवजी तीन इंची घातला तर हा तोटा चाळीस टक्क्यांवर येतो. अर्ध्या इंचाची ही करामत!

१९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघाने शेतकऱ्यांना हेच समजावून सांगितले. फुटव्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा घ्या. खरबरीत लोखंडी नळाऐवजी गुळगुळीत पीव्हीसीचा नळ टाका. नळाचे तोंड उगीच उंच करून पाण्याचा धबधबा पाडू नका, कारण जितके हात पाणी जास्त उचलाल तितके तेल जास्त जाईल. आणि इंजिनातून विहिरीचे गार पाणी भरमसाट सोडून त्याला गारठवू नका. बाहेर पडणारे पाणी चांगले गरम असू द्या. जहाजावरचे पाणी ऐंशी अंशांवर ठेवतात ते उगीच नव्हे.

या कथेत जळगावचा वाटा मोठा आहे. वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ साली व्यवसायाला आरंभ केला तो रॉकेलच्या विक्रीने; १९८० साली त्यांनी जळगावात पीव्हीसी नळांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचन घरोघर नेले. तेल विकणाऱ्याच्या हातून तेल वाचवणारी वस्तू निघावी, हा योगायोग मोठा सुंदर आहे. ठिबकाने केळीच्या बुंध्याशी मोजके पाणी पडते. जे पाणी उपसावेच लागत नाही, त्याच्यासाठी तेलही लागत नाही आणि वीजही.

धुळ्याकडे तर याहून जुने शहाणपण आहे. पांझरेच्या काठची फड पद्धत इंजिनाची ओळखच ठेवीत नाही. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून गावाच्या सामाईक शिस्तीने फडाफडांत पाणी, आणि देखरेखीला पाटकरी नि जागल्या. पाणी आपल्या पायांनी चालत शेतात येते! १८८४ साली तरुण विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीत शिरले, तेव्हा त्यांना पहिल्या कामांपैकी एक मिळाले ते याच भागात, दातर्तीजवळ पाटासाठी नळांचा सायफन बांधण्याचे. त्याच जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधारे बांधले आणि विहिरींचे पाणी वर आणले. पाणी शंभर फुटांवरून पन्नास फुटांवर आले तर उपशाचा खर्च निम्मा होतो. इंजिनाला हात न लावता त्याची कार्यक्षमता वाढवण्याची ही रीत आहे.

वाचलेल्या थेंबाचे काय करायचे?

शेवटी एक अवघड प्रश्न राहतो. १८६५ साली विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवले की कोळसा कमी खाणारी इंजिने निघाली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. काम स्वस्त झाल्यामुळे इंजिनेच इतकी वाढतात की कोळसा पूर्वीपेक्षा अधिक जळतो. समुद्रावर हेच घडले. एका टनामागे तेल कमी लागू लागले, आणि टनांची संख्या मात्र अफाट वाढली. केळीच्या पट्ट्यातही हेच घडले. पंप सुधारले, नळ सुधारले, आणि त्यांच्या जोरावर कूपनलिका आणखी खोल गेल्या. रावेर-यावलकडे पाणी वर्षांमागून वर्षे खाली सरकत राहिले. कार्यक्षम पंपाने पाताळ रिकामे केले तर त्या कार्यक्षमतेची आरती कोणी ओवाळायची?

म्हणून इंजिनिअराचे काम जिथे संपते तिथे आपले सुरू होते. पन्नास टक्क्यांचे एक्कावन्न करणे त्याच्या हाती आहे. पण वाचलेले तेल खरोखर वाचू द्यायचे की आणखी एका बोअरमध्ये ओतायचे, हे गावाने ठरवायचे असते. फडाच्या गावांनी ते शतकानुशतके ठरवले. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात भुसार आणि कोणता फड पडीक, हे सर्वांनी मिळून ठरे आणि सर्वांनी पाळले जाई. त्यांच्याकडे डीझेल नव्हते, टर्बो नव्हता. पुरे कुठे म्हणायचे, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते.